जामीनपत्राचे रसग्रहण

मराठीत समीक्षक फार आणि वाचक कमी अशी ओरड मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. त्यात आणखी एका समीक्षकाची भर घालण्याचा माझा मुळीच विचार नव्हता. मी पडलो बी.कॉम. साहित्याशी माझा संबंध आला तो कॉलेजात एका मुलीला ग्रंथालयातली कादंबरी आणून देण्यापुरता. ती कादंबरी तिने न वाचताच परत केली आणि दंड मला भरावा लागला. पुढे शेगावच्या शाखेत काउंटरच्या आत जो बसलो तो बसलोच.

परंतु ज्या एका कृतीच्या शेकडो प्रती मी या वीस वर्षांत माझ्या हाताने लोकांपुढे ठेवल्या, तिच्यावर अजून कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ही कृती म्हणजे बँकेचे जामीनपत्र. चार पाने, दोन्ही बाजूंनी छापील. टाइप असा की मुंगीनेसुद्धा चष्मा लावावा. लेखक अज्ञात, खप प्रचंड, वाचक शून्य. त्या शून्यात मीही होतो. कुठे सही करायची तिथे पेन्सिलने फुली मारणे एवढाच माझा त्या वाङ्मयाशी संबंध. एका माणसाच्या हाती दहा फुल्या मारलेला कागद द्यावा आणि पुढच्याला टोकन विचारावे, असा शिरस्ता.

मी ती कृती प्रथम वाचली ती गुरुजींमुळे. गुरुजी म्हणजे आम्हांला आठवीपासून इंग्रजी शिकवणारे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर त्यांचा पिंड पोसलेला. ‘ॲज फार ॲज’ आणि ‘सो फार ॲज’ यांतला फरक त्यांनी आम्हांला शेगाव स्टेशनच्या आधाराने शिकवला होता. ‘ॲज फार ॲज अकोला’ म्हणजे गाडी अकोल्यापर्यंत जाते. ‘सो फार ॲज आय नो’ म्हणजे माझी अक्कल जिथवर जाते तिथवर. “पहिल्यात तिकीट लागतं,” ते म्हणायचे, “दुसऱ्यात लाज लागते.” आजही कोणी साहेब मीटिंगमध्ये ‘ॲज पर माय नॉलेज’ म्हणाले की मला गुरुजींची छडी दिसते.

तर २०२२ सालच्या एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटे असताना, गुरुजी काउंटरसमोर येऊन उभे राहिले. हातात बँकेची नोटीस. “वाच,” म्हणाले. वर्गात म्हणायचे त्याच सुरात. मी आपोआप उभा राहिलो.

हकीकत साधी होती. त्यांच्या पुतण्याने २०१९ साली कर्ज काढून एक छोटी प्रवासी गाडी घेतली. स्टेशनवरून यात्रेकरू मंदिरात न्यायचे, मंदिरातून स्टेशनवर सोडायचे, जमल्यास खामगावची एखादी फेरी. धंदा बरा चालला होता. मग २०२०च्या मार्चमध्ये मंदिर बंद झाले. ज्या गावात श्रींच्या दर्शनाला येणाऱ्या माणसावर रिक्षा, लॉज, प्रसादाचे दुकान आणि कचोरीची कढई चालते, त्या गावात यात्रेकरूच नाही म्हटल्यावर गाडी अंगणात उभी राहिली आणि तिच्या बोनेटवर वाळवण पडू लागले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट अखेरपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, तिचे नाव ‘मोरॅटोरियम’. गावाने त्याचे भाषांतर ‘हप्ता माफ’ असे केले. व्याजाला ते भाषांतर कोणी कळवले नाही. ते चालूच राहिले. आणि त्या कर्जाला जामीन होते गुरुजी.

मी नोटीस वाचायला घेतली. त्यात त्या थोर कृतीचा नायक पहिल्याच परिच्छेदात प्रवेश करतो: ‘टू द एक्स्टेंट ऑफ रुपीज थ्री लॅक्स’. गुरुजींनी हात वर केला.

“एक्स्टेंट तीन लाख. आणि खाली मागणी किती?”

“तीन लाख बेचाळीस हजार.”

“‘टू द एक्स्टेंट ऑफ’ म्हणजे तिथवरच ना? म्हणजे कुंपण. मग हे बेचाळीस हजार कुंपणाबाहेर कसे चरायला गेले?”

मी पुढची ओळ दाखवली. ‘टुगेदर विथ’. व्याज, दंडव्याज, खर्च, आकार आणि इतर सर्व देय रकमा यांसह. कुंपण होते, पण ‘टुगेदर विथ’ हे त्याचे फाटक होते. आणि ते बाहेरच्या बाजूने उघडत होते.

इथे मला माझ्याच धंद्यातली एक गोष्ट आठवली. ठेवींना विम्याचे संरक्षण असते. १९६२ साली ते सुरू झाले तेव्हा पंधराशे रुपयांपर्यंत होते, १९९३ साली एक लाखापर्यंत झाले, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत आले. हे ‘पर्यंत’ नीट वाचा. मुद्दल आणि व्याज धरून पाच लाख. एकाच बँकेच्या दोन शाखांत तुमच्या एकट्याच्या नावावर ठेवी असतील तर त्यांचीही बेरीज करून पाच लाख. म्हणजे तुम्हांला द्यायचे असेल तेव्हा व्याज कुंपणाच्या आत, आणि तुमच्याकडून घ्यायचे असेल तेव्हा तेच व्याज कुंपणाच्या बाहेर. विमा महामंडळ वेगळे, बँक वेगळी, हे मला मान्य आहे. मी फक्त वाक्यरचनेबद्दल बोलतो आहे.

आपल्या भाषेला मोजमाप लागले की ती आपल्याच अंगाकडे पाहते. घोटाभर पाणी, ओंजळभर धान्य, पोटापुरते शेत, तोंडापुरती गोडी, गळ्यापर्यंत कर्ज. बुडणाऱ्याला आपण कुठवर बुडालो हे चटकन कळते. इंग्रजी कागदाला अंगच नसते. त्यामुळे त्याची मोजमापे हवेतली. आमच्याकडे तपासणीचा अहवाल येतो, त्यात अफरातफर कधीही नुसती चाळीस हजारांची होत नाही, ती ‘टू द ट्यून ऑफ’ चाळीस हजार होते. मी एकदा याचा शब्दशः अर्थ शिपायाला सांगितला, तर तो विचारतो, “सायेब, कोन्या चालीवर खाल्ले मंग? भजनाच्या का तमाशाच्या?” साहेबांचा लाडका शब्द ‘बाय अँड लार्ज’. शाखेचे काम बाय अँड लार्ज समाधानकारक आहे, असे ते दर तिमाहीला लिहितात. हा मुळात शिडाच्या जहाजावरच्या खलाशांचा शब्द. वारा समोरून असो की मागून, जहाज चालते, असा त्याचा भाव. शेगावपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आमच्या शाखेत वारा येतो तो पंख्याचा, आणि तोसुद्धा साहेबांच्या टेबलाकडेच.

असो. गुरुजींनी आता पुस्तक मागितले, म्हणजे मूळ जामीनपत्र. ते फायलीतून काढले, आणि जेवणाचा डबा तसाच ठेवून आम्ही गुरुशिष्य पहिल्यांदा ते सुरुवातीपासून वाचू लागलो. ‘जॉइन्टली अँड सेव्हरली’ आले. इतकी वर्षे मी ‘सेव्हरली’ म्हणजे ‘सिव्हिअरली’ समजत होतो, म्हणजे ‘एकत्र आणि कडकपणे’. गुरुजींनी सांगितले की त्याचा अर्थ ‘एकेकट्याकडून’ असा आहे. वसुली विभागाचा अनुभव पाहता माझा अर्थही अगदीच टाकाऊ नव्हता. मग ‘इन्क्लूडिंग बट नॉट लिमिटेड टू’ आले. या चार-पाच शब्दांत इंग्रजी वकिलाने दार लावले आणि आपणच कडी काढून ठेवली. “यात हे हे येतं, पण एवढंच येतं असं नाही,” गुरुजी म्हणाले. “मग यादी कशाला दिली? वाचणाऱ्याला झोप यावी म्हणून?”

पुढे ‘कंटिन्युइंग गॅरंटी’.

“हे कंटिन्युइंग कुठवर?” गुरुजींनी विचारले आणि स्वतःच उत्तर दिले. “आपल्या वऱ्हाडासारखं. १९०२ साली इंग्रजांनी निझामाकडून वऱ्हाड भाड्यानं घेतलं, वर्षाला पंचवीस लाख रुपये. मुदत काय लिहिली होती? ‘इन पर्पेच्युइटी’. यावच्चंद्रदिवाकरौ. चंद्रसूर्य अजून आहेत, इंग्रज पंचेचाळीस वर्षांत गेले.” ते थोडे थांबले. “पण त्यांना जायला जहाज होतं. मला पेन्शन याच शाखेत आहे.”

दुसऱ्या पानाच्या तळाशी तो शब्द आला. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराच्या जबाबदारीशी ‘को-एक्स्टेन्सिव्ह’ राहील. शब्द बँकेचा नाही, १८७२च्या करार कायद्यातला आहे, कलम १२८. आम्हांला बी.कॉम.ला परीक्षेत तो हमखास यायचा. मी तो पाठ करून गुण मिळवले होते. आधी कर्जदाराकडून वसूल करून पाहा, मग माझ्याकडे या, असे जामीनदाराला म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या एका बँकेच्या खटल्यात पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी स्पष्ट केले आहे. तसे म्हणता आले तर जामीन घ्यायचाच कशाला, असा त्या निकालाचा मतितार्थ. हेही मी पाठ केले होते.

गुरुजींनी त्या ओळीवरून दोनदा बोट फिरवले.

“हे वाक्य चांगलं आहे रे,” ते म्हणाले. “जेवढं त्याचं तेवढं माझं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. मी उगाच इंग्रजीवर चिडलो. यानं काही लपवलेलं नाही.” मग चष्मा काढला. “मग हे नावापुरतं आहे असं मला कोणी सांगितलं होतं?”

टीकाकाराने तटस्थ असावे म्हणतात. पण मला तो दिवस स्वच्छ आठवत होता. २०१९ सालचा बाजाराचा दिवस, काउंटरवर गर्दी, गुरुजी कागद चष्म्याजवळ धरून पहिला परिच्छेद वाचायला लागलेले, आणि मागून कोणी तरी “लवकर आटपा ना बाप्पा” म्हणत होता. मी पेन्सिलने फुल्या मारल्या आणि म्हणालो, “वाचत काय बसता गुरुजी? सही नावापुरती आहे.” ज्या माणसाने मला वाचायला शिकवले त्याला मी वाचू दिले नाही. त्यांनी दहा ठिकाणी सही केली, प्रत्येक सहीखाली टिंब दिले, आणि “तू आहेस म्हणून बरं आहे,” असे म्हणून गेले.

म्हणून या रसग्रहणात मला दोषाचा पहिला मान छापील इंग्रजीला देता येत नाही. ते क्लिष्ट आहे, लबाड आहे, ‘टुगेदर विथ’ची फाटके त्याने ठेवली आहेत, सामान्य माणसाने ते वाचू नये अशाच बेताने ते छापले आहे. पण शेवटी खरे तेच बोलले. खोटे बोलला तो आमचा घरगुती, गोड, काउंटरवरचा ‘पुरता’. या शब्दाचे एक नवल आहे. नामाला चिकटला की तो आखडतो: नावापुरता, कामापुरता, तात्पुरता. आणि सुटा उभा राहिला की तो सगळे व्यापतो: पुरता फसला, पुरता बुडाला. एकच शब्द, कुंपण घालायलाही तोच आणि कुंपण मोडायलाही तोच. गुरुजींनी नोटिशीच्या कोऱ्या पाठीवर एक वाक्य लिहून माझ्याकडे सरकवले, जसे ते फळ्यावर अधोरेखित करून लिहीत: ‘नावापुरता जामीन राहिला आणि पुरता अडकला.’ खाली लिहिले, ‘याचे इंग्रजीत भाषांतर करा.’

मी अजून केलेले नाही. पहिल्या ‘पुरता’ला ‘ओन्ली इन नेम’ सापडते, दुसऱ्याला ‘कम्प्लीटली’, पण दोन्हीकडे एकच शब्द काही बसत नाही.

साहेबांना भेटून हप्ते पाडून घेतले. मंदिर २०२१च्या ऑक्टोबरमध्ये उघडले होते, पुतण्याची गाडी हळूहळू पुन्हा फिरू लागली होती, तो जमेल तसे भरतो. उरलेले गुरुजी पेन्शनमधून भरतात. खात्यातून परस्पर वळते करून घ्यायची सोय आहे. मी तीनदा सांगितले. ते ऐकत नाहीत. दर महिन्याच्या पाच तारखेला काठी टेकत येतात, टोकन घेतात, आणि स्लिप स्वतःच्या हाताने भरतात. माझ्यामागचा शिपाई मला हळूच म्हणतो, “आले तुमचे मास्तर. आता तुमी उभे रायता का बसता, मले पाहू द्या.”

आता फॉर्म द्यायच्या आधी मी तो जामीनदाराला वाचून दाखवतो, मराठीत. एकाला वीस मिनिटे लागतात. रांग वाढते. साहेबांनी दोनदा विचारले की काउंटरवर प्रवचन कसले चालू आहे. गेल्या वर्षभरात तीन जण ऐकून उठून गेले, आणि कर्ज मागणाऱ्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच त्यांचे घर मोडले.

मागच्या पाच तारखेला गुरुजींनी स्लिप पुढे केली. आकडा ३,५००. त्याखाली अक्षरी, त्यांच्या त्या गोल, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात, ‘रुपये तीन हजार पाचशे फक्त’. आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर चेकवर अक्षर खरे धरतात, असा १८८१चा कायदा आहे, आणि पुढे कोणी काही वाढवू नये म्हणून ‘फक्त’ लिहायची रीत.

“हे ‘फक्त’ कोणाच्या बाजूनं रे?” गुरुजींनी विचारले.

मी स्लिपवर शिक्का मारला, पावती फाडली आणि उभ्यानेच त्यांच्या हातात दिली.