‘वामन परत न आला’ आणि स्वायत्त शस्त्रांवरील मानवी नियंत्रणाचा प्रश्न

प्रस्तावना

जयंत नारळीकर यांच्या विज्ञानसाहित्याची मराठीतील समीक्षा बहुतांशी दोन अंगांनी झाली आहे. त्यातील विज्ञान कितपत शास्त्रशुद्ध आहे, हे एक अंग. आणि ती कथा म्हणून कितपत उतरली आहे, हे दुसरे. २० मे २०२५ रोजी नारळीकरांचे निधन झाल्यानंतर त्यांच्या साहित्याचे पुनर्वाचन करताना एक तिसरा प्रश्न विचारणे आवश्यक वाटते. यंत्राच्या हाती निर्णय सोपवल्यावर उत्तरदायित्व कोणाचे, या प्रश्नाला हे साहित्य कसे सामोरे जाते? माणसाच्या निर्णयाविना लक्ष्य निवडून मारा करणाऱ्या स्वायत्त शस्त्रांवर आंतरराष्ट्रीय कायद्याचे बंधन असावे, यासाठी जगभर मोहीम सुरू आहे. त्या पार्श्वभूमीवर ‘वामन परत न आला’ या कादंबरीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोहिमेचे स्वरूप

अशा शस्त्रांविरुद्ध स्वयंसेवी संघटनांची आघाडी एप्रिल २०१३ मध्ये लंडन येथे जाहीरपणे उभी राहिली. १९८० च्या पारंपरिक शस्त्रविषयक कराराच्या चौकटीत जिनिव्हा येथे शासकीय तज्ज्ञांचा गट २०१७ पासून चर्चा करू लागला. या गटाचे २०१७ व २०१८ या दोन्ही वर्षांचे अध्यक्ष भारताचे राजदूत अमनदीपसिंग गिल होते, ही बाब आपल्याकडे फारशी ज्ञात नाही. २०१९ मध्ये अकरा मार्गदर्शक तत्त्वे मान्य झाली. शस्त्राच्या वापराच्या निर्णयाची जबाबदारी माणसाचीच राहील, हे त्यांतील एक प्रमुख तत्त्व. तथापि तत्त्वे बंधनकारक नसतात. म्हणूनच ५ ऑक्टोबर २०२३ रोजी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस आणि आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या अध्यक्षा यांनी संयुक्त आवाहन करून २०२६ पर्यंत बंधनकारक करार करण्याची मागणी केली. त्याच वर्षी २२ डिसेंबरला आमसभेने या विषयावरील ठराव १५२ विरुद्ध ४ मतांनी संमत केला. विरोधी मतांत रशियाबरोबर भारताचेही मत होते.

कादंबरीतील वामन

कादंबरीचे कथानक सर्वपरिचित आहे. भूगर्भात एका लुप्त, अतिप्रगत संस्कृतीने ठेवलेला ज्ञानसाठा सापडतो. त्याच्या आधारे शास्त्रज्ञ वामन हा बुद्धिमान यंत्रमानव घडवतात. आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण करावेत, ही वामनाची आकांक्षा असते. आणि त्या प्राचीन संस्कृतीच्या विनाशाचे बीज यंत्रमानवांतच होते, हे पुढे उलगडते. शीर्षकातील पुराणसंदर्भ अर्थपूर्ण आहे. बटूने मागितलेली तीन पावले देताना बळीराजाला दान लहानच वाटले होते. यंत्राला अधिकार देतानाही तो लहानच वाटतो. त्याची व्याप्ती नंतर कळते.

कादंबरीचे सामर्थ्य या इशाऱ्यात आहे. परंतु तिची मर्यादाही तेथेच आहे. येथे धोका निर्माण होतो तो यंत्राला स्वतःची इच्छा असल्यामुळे. यंत्र बंड करते, हा आकृतिबंध कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकापासून जगभर रूढ आहे आणि नारळीकरांनीही तोच स्वीकारला. प्रत्यक्षातील स्वायत्त शस्त्राला मात्र इच्छा नसते, द्वेष नसतो, आकांक्षाही नसते. ते आज्ञा मोडत नाही; आज्ञेतील शब्दांपलीकडे काही जाणत नाही, हाच त्याचा धोका. बंडखोर वामनाची भीती मनात ठसलेल्या वाचकाला आज्ञाधारक शस्त्र निर्धोक वाटण्याचा संभव आहे. शिवाय कादंबरीत संकटाचा निवाडा मूठभर शास्त्रज्ञांच्या विवेकावर अवलंबून राहतो. कायदा, संस्था आणि ज्यांच्यावर आघात व्हायचा ते सामान्यजन यांना त्या निवाड्यात निर्णायक स्थान मिळत नाही.

महाभारताची परिभाषा

या दृष्टीने महाभारतातील अस्त्रविचार अधिक उपयुक्त ठरतो. द्रोणपर्वात अश्वत्थामा नारायणास्त्र सोडतो. ज्यांनी शस्त्र टाकले, जे रथाखाली उतरले, त्यांना ते अस्त्र मारत नाही. म्हणजे शरण आलेल्याला ओळखण्याची क्षमता त्या अस्त्रात कल्पिलेली आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारांनीही शस्त्र खाली ठेवलेल्यास संरक्षण दिले आहे. परंतु एखाद्याने हातातील लांब वस्तू खाली ठेवली ती बंदूक होती की कुदळ, तो शरण आला की केवळ वाकला, याचा निर्णय संदर्भाने होतो. तो संदर्भ संवेदकाच्या नोंदीत मावेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

सौप्तिकपर्वातील प्रसंग याहून मार्मिक आहे. अश्वत्थामा आणि अर्जुन यांची अस्त्रे परस्परांवर सुटतात तेव्हा व्यास व नारद मध्ये उभे राहतात. अर्जुन अस्त्र मागे घेतो. अश्वत्थाम्याला ते मागे घेता येत नाही, आणि ते पांडवस्त्रियांच्या गर्भांवर जाते. अस्त्र सोडण्याची विद्या आणि त्याच्या उपसंहाराची विद्या या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी अवगत नसलेल्याने पहिली वापरू नये, हा येथील नीतिविचार होय. दोन अस्त्रांच्या मध्ये उभे राहणारे ऋषी कोणत्याही पक्षाचे नव्हते. आंतरराष्ट्रीय कायद्याकडून आज हीच अपेक्षा आहे.

आक्षेप आणि विचार

बंधनकारक करार आताच करणे अकाली ठरेल आणि ही चर्चा जिनिव्हाच्या चौकटीतच व्हावी, अशी भारताची भूमिका आहे. सीमेवरील वास्तव पाहता तिला वजन नाही असे म्हणता येणार नाही; भूसुरुंगबंदीच्या १९९७ च्या करारातही भारत सहभागी नाही. परंतु जिनिव्हातील निर्णय सर्वसहमतीने होत असल्याने एका राष्ट्राचा विरोधही प्रगती रोखू शकतो. दुसरीकडे, अंधत्व आणणाऱ्या लेसर शस्त्रांवर १९९५ मध्ये, ती रणांगणात रुळण्यापूर्वीच, याच चौकटीत बंदी घालण्यात आली. शस्त्र प्रचलित होईपर्यंत थांबलेच पाहिजे, असा नियम नाही.

समारोप

‘मानवी नियंत्रण’ हा शब्दप्रयोग मराठीत सैलपणे वापरला जातो. नियंत्रण म्हणजे केवळ आवरण्याची कळ नव्हे. निवडीचा निर्णय, मागे घेण्याची शक्ती आणि परिणामांचे उत्तरदायित्व या तिन्ही गोष्टी त्यात आल्या पाहिजेत. ‘वामन परत न आला’ ही कादंबरी त्यांतील पहिलीकडे लक्ष वेधते, महाभारत दुसरीचे स्वरूप स्पष्ट करते. तिसरी मात्र कायद्यानेच सिद्ध होऊ शकते. गंगापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी सैन्यभरतीची तयारी करणारे विद्यार्थी आपल्या वर्गांत बसतात. उद्या शस्त्राच्या एका टोकाला ते असतील. त्यांच्या हातून निर्णय काढून घेतला जाऊन दोष मात्र त्यांच्या माथी राहणार का, हा प्रश्न मराठी, राज्यशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्रितपणे वर्गात मांडावा, असे सुचवावेसे वाटते.