वर्तुळातले हात

चक्राकार अर्थव्यवस्थेवरचे लेखन वाचताना मला एक गोष्ट सतत खटकते. आकृत्यांमध्ये बाण पुष्कळ असतात, माणूस कुठेच नसतो. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनची फुलपाखराची आकृती आता जगभर गिरवली जाते. तिच्या एका पंखात जैविक पदार्थ मातीकडे परततात. दुसऱ्यात वस्तू देखभाल, फेरवापर, पुनर्निर्मिती अशी वळणे घेत अगदी शेवटी कच्च्या मालाच्या रूपात परततात. आकृती देखणी आहे. पण हे बाण ढकलतो कोण?

म्हणून मी मुळाकडे वळले. केनेथ बोल्डिंग यांचा १९६६चा निबंध पृथ्वीला अवकाशयान मानतो. साठा मर्यादित, तेव्हा किती उत्पादले यापेक्षा आहे ते किती नीट राखले, हे यशाचे माप. पुढे १९७१मध्ये जॉर्जेस्कू-रोएगन यांनी एन्ट्रॉपीचा नियम अर्थशास्त्रात आणला. प्रत्येक फेऱ्याला नवी ऊर्जा लागतेच, पूर्ण मिटलेले वर्तुळ संभवत नाही, हे आजचे उत्साही पुरस्कर्ते फार लवकर विसरतात.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मात्र वॉल्टर स्टाहेल आणि जनव्हिएव्ह रेदे यांचा १९७६चा अहवाल. युरोपीय आयोगासाठी लिहिलेल्या या अहवालाचा विषय कचरा नव्हताच. ऊर्जेच्या जागी मनुष्यबळ वापरता येईल का, हा होता. तेलाचे संकट आणि बेकारी, दोन्ही तेव्हा दारात उभी होती. पुढे स्टाहेल यांनी हे गणित असे मांडले: उद्योगातली सुमारे तीन चतुर्थांश ऊर्जा पोलाद, सिमेंट असे मूळ पदार्थ मिळवण्यात खर्च होते, आणि त्यांपासून वस्तू घडवण्यात उरलेली एक चतुर्थांश. श्रमाचे प्रमाण नेमके उलटे. जुनी मोटार दुरुस्त करताना पोलाद नव्याने ओतावे लागत नाही, कारागीर मात्र लागतो. वस्तूचे आयुष्य वाढवले की ऊर्जा वाचते आणि काम वाढते.

आता फाउंडेशनची तीन तत्त्वे वाचा: कचरा व प्रदूषण होऊ न देणे, वस्तू व पदार्थ फिरते ठेवणे, निसर्गाचे पुनरुज्जीवन. श्रम गळाले! अहवालात जो युक्तिवादाचा कणा होता, तो तत्त्वांत शब्दानेही उरला नाही. ही मला केवळ संक्षेपाची चूक वाटत नाही. कष्टकऱ्याचा उल्लेख आला की मजुरीचा प्रश्न येतो, आणि तो कंपन्यांच्या सादरीकरणात गैरसोयीचा असतो.

अर्थात स्टाहेल यांच्या डोळ्यांसमोरही कार्यशाळेतला कुशल कामगार आहे. उकिरड्यावर वाकलेली बाई त्या गणितात कुठे बसते, याचे उत्तर तिथे मला सापडले नाही. ते शोधताना पुण्यातल्या कचरावेचकांच्या संघटनेचे नाव आठवले: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, स्थापना १९९३. आधी तीन पदार्थ आणि लगेच ते वेचणारा माणूस. या संघटनेच्या आरंभीच्या मागण्यांत ओळखपत्र होते, आणि महापालिकेने ते मान्य केले.