रंगीत खुर्दा

आमचे मेव्हणे न्यू जर्सीत असतात. वडिलांना जुन्या नाण्यांचा नाद, म्हणून त्यांनी परवा पन्नास रंगीत नाण्यांची पेटी धाडली. 1999 ते 2008 या दहा वर्षांत अमेरिकेने पन्नास राज्यांच्या नावे पाव डॉलरची नाणी पाडली. ती होती साधीच. पुढे खाजगी कंपन्यांनी त्यांना रंग फासला, मखमली पेटीत बसवलं, प्रमाणपत्र जोडलं आणि टीव्हीवरून विकलं.

मी पडलो बँकेतला कारकून, त्यातून बी.कॉम. लगेच हिशेब केला. पन्नास गुणिले पंचवीस सेंट, म्हणजे साडेबारा डॉलर. वरचा सगळा पैसा रंगाचा! आणि जाणकार संग्राहक तर अशा नाण्याला बिघडवलेलं नाणं समजतात. होळीनंतर काउंटरवर आलेल्या गुलाबी नोटेकडे मी बघतो, तसेच ते त्याच्याकडे बघतात.

रंगाचं मला वावडं नाही. कॅनडाच्या टांकसाळीने 2004 साली, युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ, पाव डॉलरवर लाल पॉपीचं फूल उमटवलं. चलनातलं जगातलं ते पहिलं रंगीत नाणं. अमेरिकन लष्कराच्या काही कंत्राटदारांना ते हेरगिरीचं यंत्र वाटलं होतं, हे 2007 साली उघड झालं, तो भाग वेगळा! पण ते टांकसाळीतूनच नटून आलं होतं. एक फूल, एक रंग, आणि त्यामागे एक कारण.

न्यू जर्सीच्या नाण्यावर वॉशिंग्टन डेलावेअर नदी ओलांडतोय. साध्या नाण्यात उठावावर उजेड पडला की लाटा हलल्यासारख्या वाटतात. पेटीतल्या नाण्यात नदी निळी, आभाळ निळं आणि होडी मधल्या मध्ये बुडालेली.

एवढं भाषण मी सासरेबुवांपुढे ठोकलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि नेमकं तेच नाणं उचललं.

"हे बाळूकडचं ना, जावईबापू?"

"हो. कसं ओळखलंत?"

"तो फोनवर म्हणाला होता, निळं ते आमचं. अहो, तुमचा उठाव-बिठाव बघायला डोळे हवेत. हल्ली शिवराईवरची अक्षरंसुद्धा मी बोटांनी चाचपतो. हे आपलं दिसतं तरी!"

त्यांनी ते नाणं पेटीत परत ठेवलं नाही, सदऱ्याच्या खिशात टाकलं.

साडेबारा डॉलरच्या माझ्या हिशेबात ही रक्कम कुठल्या बाजूला मांडायची, ते अजून ठरत नाहीये.