दरज वाचताना

नळदुर्गला लोक पावसाळ्यात जातात ते नर-मादी धबधबे बघायला. बोरी नदी बंधाऱ्यावरून कोसळते, बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालाच्या झरोक्यासमोर पाण्याचा पडदा झुलतो. मला मात्र इथलं सगळ्यात देखणं काम दगडांमधल्या दरजांत दिसतं. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ साली, मीर मुहम्मद इमादीन यांनी हा सुमारे ९० फूट उंचीचा बंधारा बांधला आणि किल्ला नदीपलीकडच्या रणमंडळ या उपदुर्गाला जोडला. जोडणं हाच इथला विषय.

भिंतीवरून बोट फिरवा. काळा चिरा गार, गुळगुळीत; मग चुन्याची खरखरीत रेघ; पुन्हा चिरा. दगड ताठ, चुना मऊ. भार दोघांवर सारखाच येतो, पण चुना जास्त दबतो. पकड सुटते ती बहुधा या शिवेवरच.

आणि तिथली भेग साधी नसते. एकसंध दगडातली भेग ताणली की दोन्ही काठ सारखेच मागे सरतात. दगड-चुन्याच्या शिवेवर चुन्याचा काठ अधिक हलतो, त्यामुळे भेग उघडता उघडता घसरतेही. १९५९ साली एम. एल. विल्यम्स यांनी याचं गणित मांडलं. भेगेच्या टोकाजवळ जावं तसा ताण ओढीचा, दाबाचा, पुन्हा ओढीचा असा झपाट्याने पालटत जातो, असं त्यातून निघालं. हा निबंध छापला भूकंपशास्त्राच्या नियतकालिकाने. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांच्या घरात शिरली, त्यांना त्याचं कारण सांगावं लागत नाही. तिथल्या जाड भिंतींत दगड होते आणि त्यांना धरायला नुसती माती होती.

म्हणून अशी भेग मोजताना एक आकडा पुरत नाही. भेगेवर चिकटवलेली काचेची पट्टी तडकली, तर हालचाल झाली एवढंच कळतं. दोन खिळ्यांमधलं अंतरही अर्धीच गोष्ट सांगतं. एका काठावर दोन आणि पलीकडे एक, असे तीन खिळे ठोकून त्रिकोणाच्या बाजू व्हर्नियरने मोजल्या, की उघडणं वेगळं निघतं, घसरणं वेगळं. मोजायची वेळही दर खेपेला तीच धरायची, कारण काळा दगड दुपारी फुगतो. मला ही तीन खिळ्यांची युक्ती फार आवडते. ती भेगेचं पूर्ण ऐकून घेते.

चुन्याचं बोलणं मात्र खिळ्यांनाही पुरतं ऐकू येत नाही. पाझरणारं पाणी चुना विरघळवतं आणि केसाएवढ्या फटीत तोच पुन्हा साचवतं. फटीच्या जागी मग एक पांढरा दोरा उरतो, नखाने खरवडला तरी न सुटणारा.