‘जादूचा कोन’ : एका संज्ञेची चिकित्सा

बिस्ट्रिट्झर व मॅक्डोनल्ड यांनी २०११ साली ग्राफीनच्या दोन थरांमधील पिळाच्या काही नेमक्या कोनांना ‘जादूचे कोन’ म्हटले; त्यांतील सर्वांत मोठा सुमारे १.०५ अंशांचा. तेथे ऊर्जापट्ट सपाट होतो, इलेक्ट्रॉन मंदावतात व त्यांचे परस्पर-प्रतिसारण प्रबळ ठरते. कोन किंचित ढळताच हा परिणाम ओसरतो. म्हणून संज्ञा तेथे शोभते.

टंग्स्टन डायसेलेनाइड या अर्धसंवाहकाच्या थरांना ती लावणे मात्र सदोष होय. २०२० मधील प्रयोगांत ४ ते ५.१ अंशांच्या पिळांत सहसंबद्ध अवस्था आढळल्या. येथे कोन हा बिंदू नसून पल्ला आहे. उसन्या संज्ञेची व्याप्ती न तपासल्यास अभ्यासक पदार्थात नसलेला नेमकेपणा शोधीत राहील. ‘अनुकूल पीळ’ ही संज्ञा कमी मोहक, परंतु अधिक यथार्थ आहे.