लाल ठिपका किती अचूक?

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत विश्वविजेत्या झाल्या होत्या. येथील विद्यार्थ्यांना नेमबाजीच्या साधनांविषयी कुतूहल वाटणे साहजिक आहे. त्यांपैकी 'रेड डॉट' या नेमयंत्राविषयी दोन दावे नेहमी केले जातात: ते अचूक आहे आणि रात्रीही उपयोगी आहे. हे दोन्ही दावे आम्हाला अर्धवट वाटतात.

प्रथम रचना पाहू. एका वक्र काचेच्या नाभीपाशी लहानसा लाल एलईडी दिवा असतो. काचेवरील लेपामुळे त्याचे लाल किरण परावर्तित होऊन समांतर होतात व डोळ्यात शिरतात. समोरचे दृश्य मात्र काचेतून आरपार दिसते. म्हणून ठिपका अनंत अंतरावर असल्यासारखा भासतो. हा लेसर नव्हे. लक्ष्यावर काहीही पडत नाही. ही कल्पना डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये मांडली. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेतील २० इंची दुर्बीण याच ग्रब यांच्या कारखान्यातली होती.

यंत्राचा गुण खरा आहे. साध्या बंदुकीत मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात, पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावतो. येथे ठिपका व लक्ष्य एकदमच स्पष्ट दिसतात. त्यामुळे नेम झटकन धरता येतो. परंतु झटकन म्हणजे अचूक नव्हे.

थोडे गणित करू. ठिपक्याचा कोनीय व्यास २ मिनिटे धरला, तर ५० मीटरवर तो सुमारे २९ मिलिमीटर जागा झाकतो. या अंतरावरच्या रायफल लक्ष्यातील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास आहे अवघा १०.४ मिलिमीटर! दुसरा दावा असा की, डोळा हलला तरी नेम हलत नाही, म्हणजे पराशय नाही. किरण समांतर असले तरी डोळा काचेच्या मध्यापासून जितका सरकेल तितकीच नेमरेषाही सरकते. काच २० मिलिमीटर रुंद असेल, तर ही चूक १० मिलिमीटरपर्यंत जाऊ शकते. दूरच्या टेकडीवर ती जाणवणार नाही, पण १०.४ मिलिमीटरच्या वर्तुळात ती फार मोठी ठरते. शिवाय या क्रीडाप्रकारात रायफलीवर दुर्बीण किंवा विजेवर चालणारे नेमयंत्र चालत नाही. आपल्या पदकविजेत्यांनी चकतीच्या बारीक छिद्रातूनच नेम धरला आहे.

आता रात्रीचा दावा. अंधारात आपण डोळ्यातील दंडपेशींच्या साहाय्याने पाहतो. त्या ५०७ नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतात. गडद लाल प्रकाश त्यांना जवळजवळ जाणवत नाही. म्हणून मंद लाल ठिपक्याने अंधाराला सरावलेला डोळा फारसा बिघडत नाही. येथे 'मंद' हा शब्द महत्त्वाचा आहे. ठिपका प्रखर असेल तर तो लाल असूनही अंधूक तारा त्याच्या मागे दिसेनासा होतो. आणि लक्ष्यच दिसत नसेल, तर ठिपका ते दाखवू शकत नाही.

रात्रदर्शी उपकरणाची गोष्ट तर उलटी आहे. त्यातील प्रकाशवर्धक नळी लाल व अवरक्त प्रकाशाला चांगलीच संवेदनशील असते. माणसाच्या दंडपेशींना सौम्य वाटणारा ठिपका या नळीला झगझगीत दिसतो. म्हणून त्यासाठीच्या यंत्रात नुसत्या डोळ्याला दिसणारही नाही इतका ठिपका मंद करण्याची सोय लागते. तेव्हा 'रात्री उपयोगी' असे म्हणताना, रात्री कोणाचा डोळा पाहणार आहे, हे सांगायला हवे.

शाळेच्या दुर्बिणीवर तारा शोधण्यासाठी मात्र हे यंत्र उत्तम आहे, कारण तेथे लक्ष्य खरोखरच फार दूर असते. असा शोधक हाताशी असेल तर तो स्टँडवर घट्ट बसवून दहा मीटरवरील भिंतीवरच्या खुणेवर रोखावा आणि विद्यार्थ्यांना डोके हळूहळू बाजूला नेण्यास सांगावे. ठिपका खुणेपासून किती मिलिमीटर सरकला, ते वहीत लिहावे. नंतर हाच प्रयोग दूरच्या मनोऱ्यावर करावा आणि फरक का पडला, ते विद्यार्थ्यांनाच विचारावे.