परके कौल, परका स्लॅब

जागतिकीकरणामुळे आपली गृहरचना भ्रष्ट झाली, अशी तक्रार सुशिक्षितांच्या तोंडी वारंवार ऐकू येते. तक्रार खोटी नव्हे. परंतु ती ज्या तत्त्वावर केली जाते ते तत्त्व आम्हांस मान्य नाही. परके ते त्याज्य, असा न्याय लावावयाचा तर कर्जत-खालापुराकडील ज्या लाल कौलारू घरांसाठी आपण हळहळतो, तीही त्यातून सुटणार नाहीत. मंगलोरी कौल तरी मूळचे येथले कोठे होते? बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी १८६५ साली मंगळुरास त्याचा कारखाना काढला, आणि पुढे ते कोकणभर पसरले. कुंभाराच्या हातची नळीची कौले दरसाल चाळावी लागत. हे कौल एकमेकांत अडकून बसे, व छपराचा भारही कमी होई. मात्र उतरते छप्पर, रुंद वळचण, उंच जोते, पडवी हे सारे कायम राहिले. परक्या वस्तूने येथील पावसाचा कायदा मानला, म्हणूनच ती आपली झाली.

नव्या बंगल्यांविषयी आमचा आक्षेप नेमका येथे आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्यानंतर या दोन तालुक्यांत शहरवासीयांची सुटीची घरे वाढत गेली. सपाट स्लॅब, वळचणीवाचून उघड्या भिंती आणि जमिनीपासून छतापर्यंत काचा, असा थाट त्यांत पुष्कळदा दिसतो. कोरड्या हवेच्या देशांत हा नमुना शोभेल. जेथे चार महिन्यांत ३,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो, तेथे तो निभावा कसा? पुष्कळ ठिकाणी स्लॅब गळू लागतो, आणि त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे उतरते छप्पर चढवावे लागते. जो उतार गावंढळ म्हणून टाकला, तोच अखेर कुरूप होऊन परत येतो.

याहून गंभीर गोष्ट निराळी आहे. कातकरी-ठाकरांच्या वाड्यांत कारवीच्या काठ्यांच्या, शेणमातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती अजून आढळतात. सरकारी भाषेत हे घर 'कच्चे'. तेच लिंपण एखाद्या रिसॉर्टात शोभेकरिता केले की त्याचे दाम मोजले जातात. तथापि ठाकराने कुडातच राहावे आणि आपण पंख्याखाली बसून त्याचे कौतुक करावे, हेही न्याय्य नव्हे. दरवर्षीच्या लिंपणाचे कष्ट, वाळवी, विंचूकाट्याचे भय त्याच्याच वाट्याला येते. पक्के घर मागण्याचा त्याचा हक्क निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो पक्केपणाच्या व्याख्येचा. २०१६ पासूनच्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे क्षेत्र किमान २५ चौरस मीटर ठरलेले आहे. तेवढ्या घरावरही उतरते छप्पर व हातभर वळचण बसू शकते. ते बसवू जाणणारे हात या वाड्यांतून अजून आहेत. त्यांना काम मिळाले नाही, तर पुढील पिढीत ते शोधूनही सापडणार नाहीत.